अर्ध्या नारळांचा व्हॉलीबॉल

हमरापूरच्या प्रदीपने कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं तेव्हा त्याचा हेतू अगदी शुद्ध होता. त्याला ऑर्डरी नीट लिहायच्या होत्या.

प्रदीपचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना होता. कारखाना म्हणजे घराची पडवी, तिच्यापुढे ताडपत्री ओढून केलेली शेड, आणि चतुर्थीच्या आधीचे दोन महिने उरलेलं सगळं घर. (मागच्या साली फ्रिजवर चार बाळगणेश वाळत होते, आणि फ्रिज उघडताना सगळे आपोआप नमस्कार करत होते.) ऑर्डर आली की प्रदीप ती हाताशी येईल तिथे लिहायचा. कॅलेंडरवर, भिंतीवर, मूर्तीच्या पाठीवर खडूने. एकदा त्याने ती आईच्या गोळ्यांच्या पाकिटावर लिहिली. गोळ्या संपल्या, पाकीट कचऱ्यात गेलं, आणि हरतालिकेच्या दिवशी एक गृहस्थ पाट घेऊन दारात उभे राहिले. त्यांना कुणी ओळखेना.

"वहीत लिहीत चला," बायको भाग्यश्री म्हणाली.

"वही ही जुनी पद्धत झाली गो."

"तुम्ही अजून जुनी पद्धतसुद्धा वापरून बघितली नाय!"

पण प्रदीपने ठरवलं ते ठरवलं. पेणमध्ये एक सायबर कॅफे बंद होत होता. तिथला एक कॉम्प्युटर, मागे भलंमोठं पोट असलेल्या पडद्यासकट, त्याने भाग्यश्रीच्या जुन्या साडीत गुंडाळून स्कूटरवरून घरी आणला. पडवीच्या कोपऱ्यात, रंगांच्या डब्यांशेजारी, त्याची स्थापना झाली. चंद्रावती, म्हणजे प्रदीपची आई, तिने त्याला हळदकुंकू लावलं. बटण दाबल्यावर तो इतका वेळ घुं घुं करत राहिला की तेवढ्यात चहा होऊन, पिऊन, कपबशा विसळून झाल्या. शेवटी पडदा उजळला. आत ऑर्डरी लिहायचं काहीएक नव्हतं. होता फक्त एक खेळ.

खेळ व्हॉलीबॉलचा होता, पण त्याला व्हॉलीबॉल म्हणायला मन मोठं लागत होतं. वर निळं आभाळ, खाली पिवळी वाळू, मधोमध एक उभी काठी. ती काठी म्हणजे नेट. काठीच्या अलीकडे एक लाल गोळा, पलीकडे एक हिरवा. दोघांनाही हात नाहीत, पाय नाहीत, मान नाही. नुसते पालथे घातलेले अर्धे नारळ. आणि वर एक पांढरा चेंडू.

"हे खेळाडू?" भाग्यश्रीने विचारलं.

"खेळाडूच."

"मग मारणार कशाने?"

"डोक्याने."

"म्हणजे तुम्हाला अवघडच जाणार," असं म्हणून ती पुन्हा आपल्या ब्रशाकडे वळली.

नियम सोपे होते. एका कीबोर्डवर दोघांनी मांडीला मांडी लावून बसायचं. डावीकडच्याने ए, डी आणि डब्ल्यू दाबायचं, उजवीकडच्याने बाण. एका बटणाने नारळ डावीकडे घसरतो, दुसऱ्याने उजवीकडे, तिसऱ्याने टुणकन उडतो. आपल्या बाजूला चेंडूला तीनदाच डोकं लावायचं. चौथ्यांदा लागला की गेला. जमिनीला टेकला तरी गेला. आणि सगळ्यात छळाची गोष्ट म्हणजे, सर्व्हिस आपली असेल तरच पॉइंट मिळायचा. नाहीतर नुसती सर्व्हिस हातात यायची. पंधरा पॉइंटला गेम. चेंडू फार उंच गेला तर पडद्याबाहेर नाहीसा व्हायचा, आणि तो कुठून खाली येणार ते वाळूवरची त्याची सावली बघून ओळखावं लागायचं.

पहिल्या दिवशी प्रदीप एकटाच, कॉम्प्युटरविरुद्ध खेळला आणि हरला. दुसऱ्या दिवशी हरला. तिसऱ्या दिवशी, हा कॉम्प्युटर जुन्या मालकाचा असल्यामुळे आपल्याला सामील नाही, अशी त्याची खात्री झाली. माणसाशी खेळलं तर आपण जिंकू, असा हिशेब करून त्याने भाग्यश्रीला जेवणानंतर हाताला धरून खुर्चीवर बसवलं.

भाग्यश्री पंधरा-दोनने जिंकली.

यात नवल काही नव्हतं. कारखान्यात मूर्तीच्या डोळ्यांची आखणी ती एकटी करायची. आखणी म्हणजे शेवटचं आणि सगळ्यात अवघड काम. श्वास रोखून एकदा ब्रश टेकवला की तो फिरवायचा, पुसायचं नाही. आधी रेघ कुठे जाऊन थांबणार ते बघायचं, मग हात हलवायचा. वीस वर्षांच्या त्या सवयीने तिला चेंडू खेळायला काहीच जड गेलं नाही.

"तुम्ही चेंडूकडे बघता," ती प्रदीपला म्हणाली. "चेंडू पडणार तिथं बघा."

"जिथं पडणार तिथं अजून नसतोच ना!"

"म्हणून तर हरता."

मग जो हरेल त्याने साऱ्या कारखान्याचा दुपारचा चहा करायचा, अशी पैज लागली. नऊ दिवस ओळीने प्रदीपने चहा केला. दहाव्या दिवशी रंगकाम करणाऱ्या रघूने हात जोडून सांगितलं, "वहिनी, एकदा तरी हरा. आमच्यासाठी."

चंद्रावतीही एव्हाना स्टुलावर बसून पंचाचं काम बघू लागली होती. लाल नारळ म्हणजे आपला मुलगा, एवढंच तिने धरून ठेवलं होतं. "अगो भाग्या, पोरगा उताणा पडला माझा! जरा हळू मार!" असं ती ओरडायची, आणि लाल नारळ जिंकला की त्याची दृष्ट काढायचं तिने ठरवलं होतं. (तशी वेळ अजून आली नव्हती.)

आता दहाव्या दिवशीची गोष्ट. प्रदीप तेरा, भाग्यश्री बारा. असं आजवर कधी झालं नव्हतं. सर्व्हिस प्रदीपची. बाहेर ताडपत्रीवर पाऊस वाजत होता, आतली माणसं ब्रश खाली ठेवून मागे उभी होती, आणि नेमका फोन वाजला. प्रदीपने तो खांद्याने कानाशी दाबला. हात बटणांवरच.

"नमस्कार, रोह्याहून नीलकंठ बोलतोय." हे रोह्यातल्या एका आळीच्या मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त शिक्षक. "ती मोरावरची साडेचार फुटी मूर्ती. कमिटीने होकार दिलाय. मग ती आमची पक्की समजायची ना?"

चेंडू वर गेला. "पक्की, पक्की!" प्रदीप म्हणाला.

"रविवारी न्यायला येतो."

"या, या, ये, ये, ये!" हे शेवटचे तीन चेंडूला होते.

सरांना हे बोलणं फार आदबीचं वाटलं नाही, पण त्यांनी फोन ठेवला. दोन मिनिटांनी पुन्हा वाजला.

"प्रदीपशेठ, जगन बोलतोय, वरश्याचा." हे रोह्याला लागूनच असलेल्या वरश्यातल्या नव्या सोसायट्यांच्या मंडळाचे अध्यक्ष, कंपनीत शिफ्टवर काम करणारे. "सेकंड शिफ्टला चाललोय, म्हणून थोडक्यात विचारतो. मोराची मूर्ती आपलीच ना?"

चौदा-तेरा. चेंडू पडद्याबाहेर. वाळूवर नुसती सावली. "आपलीच!" प्रदीप किंचाळला. "आपलीच, आपलीच, सोडू नको!"

"वा! रविवारी येतो मग."

प्रदीप चौदा-पंधराने हरला, उठला आणि चहा टाकायला गेला. दु:ख इतकं मोठं होतं की दोन्ही फोन त्याच्या डोक्यातून धुऊन निघाले. कुठेच लिहिले गेले नाहीत. भिंतीवरसुद्धा नाही.

मोराची मूर्ती एकच होती. तिच्या पिसाऱ्याचे रंग भरायला भाग्यश्रीला आठ दिवस लागले होते.

रविवारी सकाळी सरांचा टेम्पो आला. सर पुढच्या सीटवर, पांढरी टोपी, मांडीवर आरतीचं ताट. मागे कमिटीची पाचसहा माणसं. त्यांच्या पाठोपाठ जगनचा टेम्पो. त्यातली माणसं एकसारख्या टी-शर्टातली. दोन्ही टेम्पो वडखळला ट्रॅफिकमध्ये एकामागे एक अडकले होते. तिथे दोन्ही अध्यक्षांनी एका टपरीवर चहा घेतला होता आणि "आमची मूर्ती बघाच एकदा, डोळ्याचं पारणं फिटेल" असं एकमेकांना आग्रहाने सांगितलं होतं.

दोघेही पडवीत आले. दोघेही मोरासमोर उभे राहिले. दोघांनीही हात जोडले.

"ही आमची," सर प्रसन्नपणे म्हणाले.

"मस्त आहे," जगन म्हणाला. "पण ही आमची. तुमची कुठली?"

पडवीत पंधरावीस माणसं एकदम बोलायला लागली. हा प्रदीपच्या वडिलांनी सुरू केलेला कारखाना. एकाला दिलेली मूर्ती दुसऱ्याला सांगितली, असं एकदा रोह्यात पसरलं की पुढच्या साली इकडे कोण फिरकणार?

"तुम्ही मला फोनवर पक्की म्हणालात!" सर म्हणाले.

"मला तर तीनदा आपलीच म्हणाले!" जगन म्हणाला.

"दोघांना?" भाग्यश्रीने नवऱ्याकडे बघितलं. आखणीच्या आधी ती मूर्तीकडे बघायची तसंच, पण माया वगळून.

"मी तेव्हा... खेळत होतो," प्रदीप म्हणाला.

"काय खेळत होतात?" सरांनी वर्गात विचारावं तसं विचारलं.

"व्हॉलीबॉल."

सरांनी प्रदीपच्या पोटाकडे एकदा सावकाश बघितलं. "कुठल्या मैदानावर?"

प्रदीपने कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

आता खरं म्हणजे भांडण पेटायचं. पण चंद्रावती स्टुलावरून म्हणाली, "चिठ्ठी टाका देवाम्होरं. ज्याचा नाव निघंल त्याचा मोर."

"चिठ्ठीत काय, नशिबाचा खेळ," जगन म्हणाला. त्याची नजर पडद्यावर गेली होती. "व्हॉलीबॉल असेल तर मी आत्ता खेळायला तयार आहे. कंपनीच्या टीममध्ये सहा वर्षं सेंटरला होतो."

"तुम्ही सेंटरला असाल," सर टोपी काढत म्हणाले, "पण फेकलेली वस्तू कशी आणि कुठे पडते, हे मी एकतीस वर्षं शिकवलेलं आहे."

जो जिंकेल त्याचा मोर, हरेल त्याने दुसरी पसंत करायची. दोन्ही कमिट्यांनी माना डोलावल्या. प्रदीपने दोघांना बटणं समजावून सांगितली. (एवढ्या गंभीरपणे त्याचं कुणी आजवर ऐकलं नव्हतं.) डावीकडे सर, उजवीकडे जगन. एका बाकावर, कोपराला कोपर. भाग्यश्रीने दोघांकडे एकदा बघितलं, ब्रश उचलला आणि शेडमध्ये निघून गेली.

जगन सहा वर्षं सेंटरला होता हे अगदी खरं होतं, आणि तेच त्याला नडलं. चेंडू वर आला की तो स्वतःच बाकावरून उडायचा. बटण दाबायचं राहून जायचं. बाक उलाल व्हायचा, दुसऱ्या टोकाला बसलेले सर खाली घसरायचे, आणि चेंडू जगनच्या नारळाशेजारी वाळूत हळूच येऊन बसायचा.

सरांचं वेगळं. "थांबा, चेंडू साधारण पंचेचाळीस अंशांत येतोय," असं ते म्हणायचे. त्यांचं गणित बरोबर असायचं. पण ते पूर्ण होईपर्यंत चेंडू पडून गेलेला असायचा.

"सर, बटण दाबा!" त्यांची कमिटी ओरडायची.

"दाबलं की!"

"ते आमचं दाबलंत!" जगन ओरडायचा.

एकाची सर्व्हिस जाळीत, म्हणजे काठीत. मग दुसऱ्याची सर्व्हिस काठीत. सर्व्हिस असल्याशिवाय पॉइंट नाही, आणि सर्व्हिस कुणाला जमेना. त्यामुळे पंचवीस मिनिटं झाली तरी स्कोअर शून्य-शून्य. पण कुणी कंटाळलं मात्र नाही. रोहेकर एकीकडे, वरसेकर दुसरीकडे, दोन्ही टेम्पोंचे ड्रायव्हर खिडकीत. सरांना पहिला पॉइंट मिळाला तेव्हा त्यांच्या कमिटीतल्या एका गृहस्थाने भान विसरून मोरयाचा गजर केला, आणि वरसेकरांनीही सवयीने "मोरया!" म्हणून साथ दिली. जगनने एकची बरोबरी केली तेव्हा सरांनीच त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! कोन साधलास!"

चंद्रावतीची पंचाईत झाली होती. लाल नारळ म्हणजे आपला मुलगा, पण तिथे तर सर बसलेले. थोडा विचार करून तिने सरांची दृष्ट काढली.

पाच-पाच झालं. सहा-पाच. सहा-सहा. चेंडू पडद्याबाहेर उंच गेला, वाळूवर सावली दिसली, दोघेही जीव मुठीत धरून तिच्याकडे बघत राहिले, आणि वीज गेली.

"नाय!" असा एकच आवाज पडवीत उठला. सर तर लहान मुलासारखे काळ्या पडद्यावर बोट ठेवून बसले. "इथे होता. आत्ता इथे होता."

"वीज आली की परत पहिल्यापासून," प्रदीपने अपराधी आवाजात सांगितलं.

एवढ्यात शेडमधून भाग्यश्रीची हाक आली. "दोघंही जरा इकडे या."

शेडच्या उघड्या बाजूने पावसाळी उजेड आत येत होता. खेळाच्या गडबडीत रघूच्या मदतीने तिने तिथे दोन मूर्ती शेजारी शेजारी आणून ठेवल्या होत्या. एक मोरावरची. दुसरी पाटावर मांडी घालून बसलेली, साधी, पांढऱ्या सोवळ्यातली, तेवढ्याच उंचीची. महिनाभर ती मागे भिंतीशी होती आणि तिच्याकडे कुणी वळूनही बघितलं नव्हतं, कारण तिला डोळे नव्हते. आत तासभर गोंधळ चालला असताना भाग्यश्रीने मोरावरच्या मूर्तीची राहिलेली आखणी संपवली होती, आणि दुसरीचीही केली होती.

सर टोपी हातात घेऊन पाटावरच्या मूर्तीसमोर उभे राहिले. डावीकडे सरकले. उजवीकडे सरकले. मूर्तीची नजर त्यांच्याबरोबर फिरली.

"माझ्याकडेच बघतोय हा," ते हळू आवाजात म्हणाले. मग कमिटीकडे वळले. "आपण इतके दिवस मोर काय बघत बसलो होतो?"

सगळे त्या डोळ्यांकडेच बघत होते.

जगनने मोराकडे बघितलं, मग सरांकडे. "सर, नक्की ना? मागाहून वाईट वाटायला नको. पाहिजे तर वीज येईपर्यंत थांबू."

"वाईट कसलं? पण वीज येईपर्यंत थांबायला माझी हरकत नाही," सर म्हणाले. "सहा-सहा होतं."

वीज दीड तासाने आली आणि दोन्ही टेम्पो दुपारी उशिरा, एकापाठोपाठ एक, गजर करत रोह्याकडे गेले. गेम कुणी जिंकला हे शेवटपर्यंत ठरलं नाही, कारण दोघेही चौदा-चौदावर असताना टेम्पोवाल्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली होती. प्रदीपच्या कारखान्याचं नाव राहिलं. भाग्यश्रीने एक नवी कोरी वही आणून त्याच्या खिशात कोंबली.

चतुर्थीला चार दिवस उरले असताना रोह्याहून निमंत्रण आलं. यंदा आळीचं मंडळ आणि वरश्याचं मंडळ मिळून गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर व्हॉलीबॉलच्या स्पर्धा घेणार होते. पत्रिका छापली होती. प्रदीपने ती मोठ्याने वाचायला घेतली. उद्घाटक आणि बक्षीस समारंभाच्या प्रमुख पाहुण्या: सौ. भाग्यश्री. पंच: श्रीमती चंद्रावती. त्याने पत्रिका उलटीसुलटी करून बघितली. अगदी तळाशी, मंडप आणि लाऊडस्पीकरवाल्यांच्या खाली, ओळ होती: कॉम्प्युटर आणणे व नेणे – प्रदीप.

"नाव हाय की!" चंद्रावती कौतुकाने म्हणाली.

पण प्रदीप खचला नाही. स्पर्धा खुली होती. त्याने आपलं नाव नोंदवलं, नवा शर्ट शिवला, आणि रात्रंदिवस सराव केला नसला तरी करायचं मनात आणलं. रोह्याला मंडपात तो कॉम्प्युटर जोडून, बाह्या सरसावून बसला. पहिल्याच फेरीत त्याची गाठ आदेश नावाच्या कुणाशी पडली होती, पण ते गृहस्थ प्रसादाच्या रांगेत अडकले होते. माणूस येईना. मंडप भरलेला. शेवटी नीलकंठ सरांनी आपल्या पत्नीला, लतिकाबाईंना, पुढे बोलावलं. "तू बस. नुसती जागा भरायला."

लतिकाबाई सत्तरीच्या. त्या हळदीकुंकवाचं तबक घेऊन निघाल्या होत्या. तबक मांडीवर तसंच ठेवून त्या बाकावर टेकल्या. समोरच्या पाटीवर इतकी बटणं बघून त्यांना गंमत वाटली. "हे कशाचं हो?" असं म्हणून त्यांनी एका बाणावर बोट ठेवलं. त्यांचा हिरवा नारळ जागच्या जागी टुणकन उडाला. त्यांना हसू आलं. त्यांनी पुन्हा दाबलं. मग त्या दाबतच राहिल्या, आणि दाबता दाबता मागच्या रांगेतल्या एका बाईंशी कुणाच्या तरी डोहाळजेवणाबद्दल बोलायला लागल्या.

प्रदीपने सर्व्हिस केली. चेंडू उडत्या हिरव्या नारळावर आदळून परत आला आणि प्रदीपच्या मागे पडला. प्रदीप मागे सरकला. चेंडू पुढे पडला. प्रदीपने भाग्यश्रीची शिकवण आठवून, चेंडू पडणार होता तिथे बघितलं. चेंडू खरोखरच तिथे पडला. तो बघतच राहिला. मंडपात हसण्याचा नुसता धबधबा कोसळत होता, आणि स्टुलावरून चंद्रावतीचा आवाज, "अगो बाय, हळू! पोरगा हाय माझा!"

पंधरा-सहा झालं. शिट्टी वाजली. टाळ्या पडल्या. भाग्यश्री हसून हसून डोळे पुसत होती. प्रदीपने उठून लतिकाबाईंना वाकून नमस्कार केला.

त्यांनी त्याला तोंड भरून आशीर्वाद दिला, तबक सावरलं आणि विचारलं, "बरं का रे, मी इथे बसून आहे मघापासून. तुमचा खेळ सुरू कधी व्हायचा?"